जायरोप्लेनच्या कमर्शियल रेटिंगसाठी ४०१-के मधून कर्ज काढावे का?

आपण कळवले आहे की आपले वय ४३ आहे, अमेरिकेत सॉफ्टवेअर क्षेत्रात नोकरी आहे, आणि विमानाचा प्रायव्हेट पायलट परवाना व २०० तासांचा उड्डाणाचा अनुभव गाठीशी आहे. २२,००० डॉलरच्या बचतीला ४०१-के या नोकरीतल्या निवृत्तीबचत खात्यातून काढलेल्या ४०,००० डॉलरच्या कर्जाची जोड देऊन जायरोप्लेनचे (वर वाऱ्याने फिरणारी पाती असलेल्या छोट्या उडत्या यंत्राचे) कमर्शियल रेटिंग, म्हणजे ते मोबदला घेऊन उडवण्याची परवानगी, मिळवावे, आणि मग नोकरी सोडून पर्यटकांना हवाई सफर घडवावी, असा आपला विचार आहे. रेटिंग जरूर घ्यावे. मात्र त्यासाठी कर्ज काढू नये आणि त्याच्या भरवशावर नोकरीही सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रशिक्षणाचा भार आपण समजता त्यापेक्षा हलका आहे. एफएए या अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामक संस्थेच्या नियमांप्रमाणे या रेटिंगसाठी एकूण १५० तासांचे उड्डाण लागते आणि त्यांपैकी किमान २५ तास जायरोप्लेनमधले असावे लागतात. उरलेल्या तासांचा मोठा भाग आपल्या विमानातल्या अनुभवातून भरून निघतो. तरीही २५ ला ताशी दराने गुणून अंदाजपत्रक करू नये. विमान चालवणाऱ्याला संकटात स्टिक (नियंत्रणाचा दांडा) पुढे ढकलण्याची सवय असते आणि जायरोप्लेनमध्ये तीच जीवघेणी ठरू शकते, कारण त्यामुळे रोटरवरचा, म्हणजे वरच्या फिरत्या पात्यांवरचा, भार कमी होतो. ही सवय मोडायला लागतील तेवढे तास द्यावेत, तिथे पैशांचा विचार करू नये. शिवाय केवळ उपकरणांच्या आधारे चालवण्याचे अडीच तासांचे प्रशिक्षण लागते, आणि रात्रीच्या प्रशिक्षणाचे दोन तास जायरोप्लेनमध्येच पूर्ण करावे लागतात. तशी सोय असलेले यंत्र व प्रशिक्षक जवळ मिळेलच असे नाही, म्हणून प्रवास आणि मुक्कामाचा खर्च वेगळा धरावा.

खरी अडचण उत्पन्नाची आहे. अमेरिकेतील बहुसंख्य जायरोप्लेन एक्स्पेरिमेंटल (प्रायोगिक) वर्गात नोंदलेली आहेत आणि या वर्गातील यंत्रातून मोबदला घेऊन प्रवासी नेण्यास नियमांनी मनाई आहे. म्हणजे परवाना आपल्याला पैसे घेण्याची मुभा देईल, पण आपले यंत्र देणार नाही. मोबदल्याचा व्यवहार्य मार्ग बव्हंशी शिकवण्याचाच उरतो, आणि स्पोर्ट पायलट (हलक्या यंत्रांसाठीचा प्राथमिक परवाना) स्तरावर शिकवणाऱ्या प्रशिक्षकाला कमर्शियल परवान्याची अट नसते. त्याला जायरोप्लेनमधले ५० तास मात्र लागतात. शिकवण्याची आवड असेल तर आधी त्या वाटेचा हिशेब मांडावा.

आता कर्जाविषयी. आपल्या खात्यात १,१०,००० डॉलर असल्याने ४०,००० डॉलर नियमात बसतात, आणि फेडीला सहसा पाच वर्षे मिळतात. पण नोकरी सोडताच बहुतेक योजनांत उरलेली रक्कम काढून घेतली असे धरले जाते. त्या वर्षीचे कर विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत तेवढीच रक्कम आयआरए या वैयक्तिक निवृत्तीबचत खात्यात भरली नाही, तर तिच्यावर प्राप्तिकर आणि आपल्या वयामुळे आणखी १० टक्के कर बसतो. उत्पन्न थांबलेले असताना हे देणे दारात उभे राहील, आणि आपल्या योजनेत नेमके हेच दोन निर्णय एकापाठोपाठ आहेत. नव्या व्यवसायासाठी पात्र करणाऱ्या शिक्षणाचा खर्च करातून वजा मिळत नाही, हेही लक्षात घ्यावे.

म्हणून २२,००० पैकी सहा महिन्यांचा घरखर्च आधी बाजूला काढावा, आणि उरलेल्या रकमेतून व मासिक बचतीतून, नोकरी सांभाळून, आधी प्रायव्हेट स्तरावरील जायरोप्लेन रेटिंग घ्यावे. ते तासही पुढे कमर्शियलसाठी मोजले जातात. पहिल्या धड्यापूर्वी आयुर्विम्याच्या पॉलिसीतील विमानचालनाविषयीचे कलम वाचून कंपनीकडून लेखी खुलासा मागवावा. काही पॉलिसींत वैमानिक म्हणून आलेला मृत्यू वगळलेला असतो, आणि आपल्या पत्रात दोन शाळकरी मुलांचा उल्लेख आहे.