इतिहासात पदवी करतोय, दहावीनंतर गणित सोडलंय. आयआयएममध्ये एमबीएला प्रवेश मिळू शकतो का?

मिळू शकतो, आणि तो मिळवलेली कला शाखेची मुलं दरवर्षी असतात.

तुम्ही लिहिलंय की पुण्यात लिबरल आर्ट्सचं दुसरं वर्ष चालू आहे, मुख्य विषय इतिहास, जोडीला मानसशास्त्र, आणि घरचे-मित्र सगळे म्हणतात की आयआयएम हे इंजिनीअरांचंच काम. मी राज्यशास्त्रात बी.ए. केलं, मग एमबीए, आणि आता एका कंपनीत ग्रामीण विक्रीचं काम बघते. आयआयएमच्या प्रवेश परीक्षेचा, म्हणजे कॅटचा, निकाल लागला की कला शाखेतल्या मुलामुलींच्या सराव मुलाखती घेते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पात्रतेचा प्रश्नच नाही. कॅटला कुठल्याही शाखेची पदवी चालते. खुल्या गटाला ५० टक्के लागतात, एससी, एसटी आणि दिव्यांग उमेदवारांना ४५. शेवटच्या वर्षाला असताना परीक्षा देता येते. नव्या शैक्षणिक धोरणामुळे तुमच्यापुढे चौथ्या वर्षाचा पर्याय असेल, पण भारतातल्या एमबीएसाठी तीन वर्षांची पदवी पुरते.

वर्गात इंजिनीअर जास्त दिसतात हे खरं आहे. परीक्षेला बसणाऱ्यांतच त्यांचा भरणा मोठा असतो. सगळा वर्ग एकाच साच्यातला नको, म्हणून बऱ्याच आयआयएम बिगर-इंजिनीअर उमेदवारांना निवडीत काही जादा गुण देतात. अहमदाबादला तर बारावीच्या गुणांसाठी सायन्स, कॉमर्स आणि आर्ट्स असे वेगवेगळे तक्ते आहेत. म्हणजे तुमच्या आर्ट्सच्या टक्क्यांना सायन्सच्या फूटपट्टीने मोजत नाहीत. प्रत्येक संस्था आपलं प्रवेश धोरण दरवर्षी वेबसाइटवर टाकते. क्लासवाल्यांचा सल्ला घेण्याआधी ते स्वतः वाचा. कुठल्या संस्थेत तुमचं पारडं जड आहे आणि कुठे दहावीचे कमी गुण आड येतील, हे तासाभरात कळतं.

आता गणित. कॅटचे तीन भाग: इंग्रजी वाचन, डेटा आणि तर्क, आणि गणित. प्रत्येकाला ४० मिनिटं. बरोबर उत्तराला ३ गुण, चुकलं की १ वजा. पर्याय न देता उत्तर टाइप करायला सांगतात त्या प्रश्नांना वजा गुण नाहीत. प्रत्येक भागाचा कटऑफ, म्हणजे किमान गाठायची पातळी, वेगळा असतो, त्यामुळे इंग्रजीच्या जोरावर गणित टाळता येत नाही. पण अभ्यासक्रम बघा: टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी, काळ-काम-वेग, बीजगणित, भूमिती. बहुतेक सगळं दहावीपर्यंतचं, वर थोडे लॉगॅरिदम आणि श्रेढी. कॅल्क्युलस नाही. इंजिनीअर पुढे असतो तो ज्ञानामुळे नाही, सवयीमुळे.

एक उदाहरण घ्या. तेलाचा भाव १२.५ टक्क्यांनी वाढला, घरखर्च तोच ठेवायचाय, तर वापर किती टक्के कमी करावा लागेल? तुम्ही क्ष धरून समीकरण मांडाल आणि दोन मिनिटं घालवाल. १२.५ टक्के म्हणजे १/८ हे ज्याला पाठ आहे, तो लगेच म्हणतो की भाव ८ चा ९ झाला, म्हणजे वापर ९ चा ८ करायचा, १/९ कमी, ११.११ टक्के. १/२ पासून १/१५ पर्यंतचे टक्के पाढ्यांसारखे पाठ करा. मग दहावीचं पुस्तक, आणि त्यानंतरच कॅटची पुस्तकं. सगळे प्रश्न सोडवायचे नसतातच. गणिताच्या बावीसेक प्रश्नांपैकी दहा-अकरा अचूक आले तरी पर्सेंटाइल (शंभरातल्या किती जणांच्या तुम्ही पुढे आहात तो आकडा) चांगला लागतो. कुठला प्रश्न सोडून द्यायचा हे शिकायलाच सराव चाचण्या द्यायच्या.

इंग्रजीच्या भागात उतारे येतात ते तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, इतिहास, पर्यावरण असल्या विषयांवर. असले उतारे तुम्ही रोज वाचता. इथे तुम्ही पुढे असायलाच हवं.

मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते मुलाखतीबद्दल. कला शाखेतली मुलं मुलाखतीला येतात ती मार्केटिंगचे चार शब्द पाठ करून, आणि स्वतःचा विषय घरी ठेवून. पॅनेल नेमका तोच विषय काढतं. गेल्या हंगामात इतिहासाची एक विद्यार्थिनी सरावाला आली होती. तिला विचारलं, १८६५ साली मुंबईत काय झालं? तिने नीट सांगितलं: अमेरिकेत १८६१ ला यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, मुंबईतून जाणाऱ्या कापसाचा भाव कडाडला, पैसा आला, तो समुद्र बुजवून जमीन करायला निघालेल्या बॅक बे भराव कंपनीसारख्यांच्या शेअरमध्ये गेला, युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. त्या काळचे बडे शेअर दलाल प्रेमचंद रायचंद बुडाले. राजाबाई टॉवर उभा आहे तो त्यांच्याच देणगीतून. मी पुढचा प्रश्न टाकला: बँक तुमच्या हातात असती, तर कर्ज कशावर दिलं असतं? ती थोडं थांबली आणि म्हणाली, शेअरवर नाही. गोदामात असलेल्या कापसाच्या गाठींवर, तेसुद्धा युद्ध उद्या संपेल असं धरून जो भाव येईल त्यावर. बँक ऑफ बॉम्बेने शेअर तारण ठेवून कर्जं वाटली होती आणि त्यातच ती बुडाली. पाठ केलेल्या मार्केटिंगच्या व्याख्येतून असं उत्तर निघत नाही. तुमच्या विषयातले असे दोन-तीन प्रसंग मुळापासून तयार ठेवा, आणि त्यात निर्णय कुणी घेतला, कशाच्या आधारावर घेतला, हे बोलता आलं पाहिजे. 'एमबीए का?' या प्रश्नाचं उत्तरही तिथूनच काढा.

फक्त कॅटवर अडून बसू नका. महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न असतात, वजा गुण नसतात आणि भर तर्कावर असतो. त्यातून मुंबईचं जमनालाल बजाज किंवा सिडनहॅमची व्यवस्थापन संस्था मिळाली तर खर्चाच्या मानाने फार चांगलं. मानसशास्त्र मनापासून आवडत असेल तर जमशेदपूरच्या एक्सएलआरआयचा एचआरचा (मनुष्यबळ व्यवस्थापनाचा) अभ्यासक्रम बघा, त्यासाठी झॅट द्यावी लागते. जाहिरात आणि ब्रँडकडे ओढा असेल तर अहमदाबादचं मायका, गावाकडच्या कामात रस असेल तर आणंदचं इर्मा. परदेशात किंवा आयएसबीला (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) जायचं असेल तर आधी दोन-तीन वर्षं नोकरी करा आणि मग जीमॅट किंवा जीआरई द्या.

नोकरी आधी की एमबीए आधी? माझं मत नोकरीच्या बाजूने आहे. बँक, वृत्तपत्र, सामाजिक संस्था, विक्री, काहीही चालेल, फक्त जबाबदारी तुमची असावी. कॅम्पसवर कंपन्या तेच विचारतात. पण शेवटच्या वर्षाला परीक्षा देऊन बघायला हरकत नाही. आणि एक गोष्ट ठामपणे सांगते: चांगली संस्था मिळाली नाही म्हणून पंधरा-वीस लाखांचं कर्ज काढून कुठल्यातरी अनोळखी कॉलेजात जाऊ नका. पुन्हा परीक्षा देणं त्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

लिबरल आर्ट्सचा एक फायदा तुमच्या हातात आहे, तो आत्ताच वापरा. ऐच्छिक विषय निवडता येतात ना? पुढच्या सत्रात संख्याशास्त्र घ्या, त्यानंतर अकाउंटिंग किंवा सूक्ष्म अर्थशास्त्र. गुणपत्रिकेवर ते दिसलं की गणित सोडल्याचा प्रश्न बराचसा तिथेच मिटतो, आणि एमबीएच्या पहिल्या सत्रात, जिथे कला शाखेतल्या मुलांची खरी दमछाक होते, ते थेट कामाला येतं. कॅट नोव्हेंबरच्या शेवटी असते, अर्ज ऑगस्टमध्ये सुरू होतात. तुमच्याकडे अजून पुरेसा वेळ आहे. इतिहासातल्या कुठल्या काळावर तुमचा भर आहे आणि बारावीला किती टक्के होते ते खाली लिहिलंत, तर कुठल्या संस्थांवर भर द्यावा हे नेमकं सांगता येईल.