चेनसॉ गरम झाली की परत चालू होत नाही, दोष कुठे शोधायचा?

तुमची तक्रार अशी: 58 सीसीची चेनसॉ सकाळी दोन-तीन झटक्यांत चालू होते. बाभळीचे ओंडके कापताना टाकी संपते, पेट्रोल भरून दोरी ओढली की ढिम्म. अर्ध्या तासानं परत चालू. कार्बोरेटर बदलूनही तेच.

हा दोष मशीन गरम असतानाच सापडतो. थंड झालेली मशीन सांगलीला दुकानात नेली की तिथं ती पहिल्या झटक्यात चालू होते, मग मिस्त्री अंदाजानं पार्ट बदलत बसतो. प्लगपाना बांधावरच ठेवा, आणि चालू होईना की तिथंच प्लग काढून बघा.

प्लग ओला असेल तर बहुतेक वेळा चोकचा घोळ असतो. गरम इंजिनाला चोक लागत नाही. सवयीनं ओढला की ओव्हरफ्लो. चेनचा ब्रेक लावा, चोक बंद करा, प्लग पुसा, भोक उघडं ठेवून पाच-सहा वेळा दोरी ओढा. प्लग बसवून रेस पूर्ण दाबून ओढा.

प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. टाकीचं झाकण सैल करा. फुस्स आवाज होऊन मशीन चालू झाली तर टाकीचा हवेचा व्हेंट तुंबलाय. प्रायमरच्या फुग्यात (दाबून पेट्रोल खेचायचा रबरी फुगा) बुडबुडे दिसले तर नळीला चीर असेल, नाहीतर पेट्रोलची वाफ होत असेल. जत-आटपाडीकडे एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या आसपास असतो, त्यात सिलिंडरच्या पात्यांत भुसा आणि चेनचं ऑइल मिळून गच्च लगदा बसलेला. तो खरवडून काढा. फुगा सात-आठ वेळा दाबला की ताजं, थंड पेट्रोल येतं.

ओला असो की कोरडा, स्पार्क बघाच. प्लग कॅपमध्ये घालून त्याचे आटे सिलिंडरच्या धातूला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब. तिथून पेट्रोलची वाफ निघते, भडका उडेल. निळा, टणक स्पार्क हवा. गरम असताना स्पार्क नाही आणि थंड झाल्यावर आहे, तर संशय कॉइलवर (स्पार्कची वीज तयार करणारा भाग). तरी लगेच नवीन घेऊ नका. आधी कॉइलवरून बंद करायच्या स्विचकडे जाणारी बारीक वायर सोडवून परत बघा. तिचं आवरण वितळून बॉडीला टेकत असेल तर दहा रुपयांच्या टेपचं काम आहे. (वायर सुटलेली असताना स्विचनं मशीन बंद होणार नाही, चोक ओढून बंद करा.) कॉइल बदललीच तर फ्लायव्हीलचं मॅग्नेट आणि कॉइल यांत साधारण 0.3 मिमी अंतर ठेवा. मधे व्हिजिटिंग कार्ड धरून बोल्ट आवळले की जमतं.

स्पार्क आहे, पेट्रोलही आहे, तरी होत नाही? मग वाईट बातमीची तयारी ठेवा. प्लग बसवून मशीन दोरीच्या मुठीला धरून उचला. हळूहळू, अडखळत खाली आली तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आहे. सरळ खाली आली तर गेलं. सायलेन्सर काढून भोकातून पिस्टन बघा. उभे ओरखडे दिसले तर पिस्टन, रिंग आणि बहुधा सिलिंडरही. मशीन थंड असताना घट्ट ऑइलमुळे झिजलेली रिंग कशीबशी धरते, गरम झाल्यावर सोडते. कमी टूटी ऑइल (पेट्रोलमध्ये मिसळायचं) किंवा कार्बोरेटरचा, जोरात चालताना पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा एचचा स्क्रू फार आवळलेला, ही नेहमीची कारणं. 25:1 सांगितलेल्या मशीनला लिटरला 40 मिली, 50:1 ला 20 मिली. पुस्तिकेत बघून मापानं घाला, झाकणाच्या अंदाजानं नको.

इथेनॉलचं पेट्रोल ओल धरतं आणि जुन्या नळ्या, डायफ्राम फुगवतं. महिनाभर काम नसेल तर टाकी रिकामी करून, मशीन बंद पडेपर्यंत चालवून ठेवा. आणि मोठा ओंडका कापून झाल्यावर लगेच बंद करू नका: अर्धा मिनिट आयडलवर फिरू द्या, मग सावलीत ठेवा.