जुना कोड, नवी भाषा आणि लिंकरची कटकट: वाचकांचे प्रश्न

या वेळी बऱ्याच जणांनी एकच दुखणं कळवलंय: नीट चालणारा जुना कोड दुसऱ्या भाषेतून बोलवायला गेलं की एररची रांग लागते. म्हणून सगळे प्रश्न एकत्रच घेतोय.

प्रश्न: माझ्याकडे सीमधली एक लायब्ररी आहे, वर्षानुवर्षं चालतेय. आता ती सी प्लस प्लसच्या प्रोजेक्टमध्ये हवीये. हेडर (फंक्शनांची ओळख देणारी फाइल) इन्क्लुड केली, लायब्ररीचा पाथ दिला, तरी 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू ॲड' येतं आणि ॲडच्या पुढे कंसात इंट, इंट असं दिसतं. फंक्शन लायब्ररीत आहे हे मी स्वतः बघितलंय, मग सापडत का नाही?

उत्तर: आधी ओरडतंय कोण ते बघा. हा कोडचं भाषांतर करणारा कंपायलर नाहीये, भाषांतर झालेले तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणारा लिंकर आहे. कंपायलरने तुमची हेडर वाचली, असं फंक्शन कुठेतरी असणार यावर विश्वास ठेवला आणि त्याचं काम संपलं, पुढे ते फंक्शन खरंच शोधायची वेळ लिंकरवर आली तेव्हा घोडं अडलं. त्यामुळे हेडरचा पाथ बदलून बघणं, पुन्हा पुन्हा इन्क्लुड करणं यातून काहीच हाती लागणार नाही.

तुम्ही कंसाचा उल्लेख केलात ते फार बरं झालं, कारण सगळी मेख तिथेच आहे. सीमध्ये फंक्शनच्या नावात आर्ग्युमेंटची काही नोंद नसते, सीचं फंक्शन शोधत असता तर लिंकर नुसतं 'ॲड' म्हणाला असता. कंसात टाइप दिसतायत म्हणजे शोध चाललाय सी प्लस प्लसच्या नावाचा. तिथे एकाच नावाची चार फंक्शनं असू शकतात, म्हणून कंपायलर टाइपसकट नवं नाव बनवतो, त्याला नेम मँगलिंग म्हणतात. लिनक्सवर जीसीसी किंवा क्लँग असेल तर तुमच्या ॲडचं नाव होतं अंडरस्कोर, झेड, 3, ॲड, आय, आय. 3 म्हणजे नावात तीन अक्षरं, आणि दोन आय म्हणजे दोन इंट. लायब्ररीत मात्र नुसतं ॲड आहे, मग जुळणार कसं?

स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर एनएम ही फाइलमधली नावं दाखवणारी कमांड लायब्ररीवर चालवा, ॲडच्या आधी कॅपिटल टी दिसेल, म्हणजे फंक्शन इथे आहे. मग तीच कमांड तुमच्या ऑब्जेक्ट फाइलवर (तुमच्या कोडच्या कंपाइल झालेल्या तुकड्यावर) चालवा, तिथे यू आणि त्यापुढे ते लांबलचक नाव दिसेल, यू म्हणजे हवंय पण इथे नाहीये. दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवल्या की वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

उपाय म्हणजे हेडरमधल्या डिक्लेरेशनभोवती (फंक्शनचं नाव आणि टाइप सांगणाऱ्या ओळींभोवती) 'एक्स्टर्न सी'चा ब्लॉक, म्हणजे ही नावं सीसारखी साधीच ठेव असं कंपायलरला सांगणं. पण सीच्या कंपायलरला तो कळत नाही, म्हणून 'सी प्लस प्लस असेल तरच' अशी इफडेफची अट त्याच्याभोवती घाला, त्यासाठी दोन अंडरस्कोरने सुरू होणारा सीप्लसप्लस हा मॅक्रो तयारच असतो. लायब्ररी दुसऱ्याची असेल तर तिच्या हेडरला हात लावू नका, तुमच्या फाइलमध्ये इन्क्लुडची ओळच त्या ब्लॉकमध्ये घ्या. पण ती हेडर आतून सी प्लस प्लसची एखादी टेम्प्लेटवाली हेडर ओढत असेल तर 'टेम्प्लेट विथ सी लिंकेज' अशी नवी एरर येईल, तेव्हा ती आतली हेडर ब्लॉकच्या आधीच इन्क्लुड करून टाका.

एवढं करूनही एरर राहिली आणि आता कंस दिसत नसतील, तर कमांडमधला क्रम बघा. लिनक्सवरचा नेहमीचा लिंकर डावीकडून उजवीकडे जातो आणि स्टॅटिक लायब्ररीतून (प्रोग्रॅममध्येच जोडली जाते तिच्यातून) तोपर्यंत ज्याची गरज पडलीये तेवढंच उचलतो. लायब्ररी आधी आणि तुमची ऑब्जेक्ट फाइल नंतर दिलीत तर तो लायब्ररीतून काहीच न घेता पुढे जातो. लायब्ररी शेवटी ठेवा.

प्रश्न: माझी तर हेडरच कंपाइल होत नाही! एका आर्ग्युमेंटचं नाव 'क्लास' आहे, आणि मेमरी मागणाऱ्या मॅलॉकच्या प्रत्येक ओळीवर एरर येते.

उत्तर: ही मात्र खरीखुरी कंपायलर एरर आहे. क्लास हा सी प्लस प्लसमध्ये राखीव शब्द आहे, आणि मॅलॉक देतो तो व्हॉइड पॉइंटर (टाइप न ठरलेला पत्ता) सीमध्ये कुठल्याही पॉइंटरमध्ये आपोआप बसतो तसा तो सी प्लस प्लसमध्ये बसत नाही. मॅलॉकच्या ओळी अडतायत म्हणजे बहुतेक तुम्ही सीच्या सोर्स फाइल्सही सी प्लस प्लसच्या कंपायलरला देताय. असं करू नका, सीच्या फाइल्स सीच्या कंपायलरनेच कंपाइल करा आणि शेवटी लिंक करताना एकत्र आणा. जिथे तिथे कास्ट (टाइप बदलायची सूचना) घालत बसण्यात वेळ घालवू नका, चालत्या कोडमध्ये उगाच ढवळाढवळ होते. आर्ग्युमेंटचं नाव डिक्लेरेशनमधून काढून टाकलं तरी चालतं. स्ट्रक्चरमधल्या फील्डचंच नाव क्लास असेल तर मात्र सीमध्येच मधे दुवा म्हणून एक छोटी रॅपर फाइल लिहा आणि ते स्ट्रक्चर तिच्याआड ठेवा.

प्रश्न: गो या भाषेतून सीचं फंक्शन बोलवतोय, 'कुड नॉट डिटरमाइन काइंड ऑफ नेम' येतं. सगळं तपासलं.

उत्तर: इम्पोर्ट सीची ओळ आणि तिच्या वरची कॉमेंट यांच्या मधे रिकामी ओळ आहे का बघा. असेल तर काढा. सीगो, म्हणजे गोला सीशी जोडणारं साधन, त्या कॉमेंटलाच सीचा कोड समजतं, पण ती इम्पोर्टला चिकटून असेल तरच.

प्रश्न: फोरट्रानमधलं एक जुनं सबरूटीन सीमधून बोलवायचंय. नाव बरोबर लिहूनही लिंक होत नाही.

उत्तर: जीफोरट्रान हा फोरट्रानचा कंपायलर नाव छोट्या इंग्रजी अक्षरांत करतो आणि शेवटी एक अंडरस्कोर जोडतो, एनएम लावलंत तर लगेच दिसेल. सीमध्ये तो अंडरस्कोर लिहिलात की लिंक होईल, पण दुसरा कंपायलर आला की पुन्हा बिघडेल. फोरट्रान 2003 पासून बाइंड सी (नाव सीसारखं ठेवायची सूचना) आणि आयएसओ सी बाइंडिंग (सीचे टाइप देणारं मोड्यूल) हे त्यासाठीच दिलेत, सबरूटीनमध्ये दोन ओळी घालता येत असतील तर तोच रस्ता धरा.

आणि लिंक झालं म्हणून निर्धास्त होऊ नका. फोरट्रान आर्ग्युमेंट पत्त्याने घेतं, तुम्ही सीमधून 5 पाठवलेत तर ते मेमरीत 5 नंबरच्या पत्त्यावर जाऊन बघेल आणि प्रोग्रॅम कोसळेल. एकतर पत्ता पाठवा नाहीतर बाइंड सीसोबत फोरट्रानच्या बाजूला व्हॅल्यू लिहा. दोन डायमेन्शनचं मॅट्रिक्स असेल तर फोरट्रान ते कॉलमप्रमाणे साठवतं आणि सी ओळीप्रमाणे, त्यात एरर येत नाही, फक्त उत्तर चुकतं. हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं.

प्रश्न: पायथॉनमधून सीटाइप्स या मोड्यूलने सीची लायब्ररी लोड केली. एकही एरर नाही, पण पॉइंटर परत देणारं फंक्शन बोलवलं आणि तो पॉइंटर पुढे वापरला की प्रोग्रॅम मरतो. असाच कोड रस्टमध्ये लिहिला तर तिथेही कंपायलर गप्पच.

उत्तर: गप्प आहे कारण त्याला दुसरी बाजू दिसतच नाही. सीटाइप्सला तुम्ही रिटर्न टाइप सांगितला नाहीत तर तो इंट धरतो. 64 बिटच्या मशीनवर पॉइंटर 64 बिटचा आणि इंट 32 चा, म्हणजे अर्धा पत्ता वाटेतच गळून पडतो. रेसटाइप (रिटर्न टाइप) आणि आर्गटाइप्स (आर्ग्युमेंटचे टाइप) या दोन्ही गोष्टी प्रत्येक फंक्शनसाठी लिहाच, कंटाळा करू नका.

रस्टमध्ये एक्स्टर्न ब्लॉकमध्ये तुम्ही जे लिहाल ते कंपायलर खरं मानतो, सीच्या हेडरशी ताडून बघत नाही. 2024 च्या एडिशनपासून त्या ब्लॉकला अनसेफ लिहिणं सक्तीचं झालंय ते याच कारणाने, फंक्शनची सिग्नेचर (टाइपसकट डिक्लेरेशन) बरोबर असल्याची जबाबदारी लिहिणाऱ्याची आहे हे समोर दिसावं म्हणून. सीच्या लाँगसाठी सरसकट आय 64 लिहू नका, 64 बिट लिनक्सवर लाँग 64 बिटचा असतो पण विंडोजवर 32 चाच, त्याऐवजी सी लाँग हा टाइप वापरा. स्ट्रक्चर पाठवत असाल तर त्यावर रेप्र सी (मांडणी सीसारखीच ठेवायची सूचना) हवंच, नाहीतर रस्ट फील्डचा क्रम स्वतःच्या सोयीने बदलू शकतं. हाताने लिहायचं टाळायचं असेल तर बाइंडजेन हे टूल हेडर वाचून हे सगळं तयार करून देतं, मोठ्या लायब्ररीला मी तरी तेच सुचवेन.

आणि सीकडून आलेली मेमरी मोकळी करायची असेल तर त्याच लायब्ररीने दिलेल्या फ्री फंक्शनने करा, रस्टने किंवा पायथॉनने परस्पर नाही.