पेटी कुणाची?

"मॅडम, भाऊ खोटं बोलतोय की मलाच वेड लागलंय, एवढंच सांगा." खुर्चीत टेकायच्या आतच ताईंनी विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे. ते गेले आणि वर्षभरात त्या पेटीवरूनच बहीण-भावाचं बोलणं बंद झालं. ताईंना लख्ख आठवतं: दवाखान्यातली शेवटची रात्र, अण्णांनी हात धरला आणि म्हणाले, "पेटी तू घे." भाऊ म्हणतो, त्या रात्री ही घरी होती, मी एकटाच होतो आणि अण्णा "पेटी विकू नका" एवढंच म्हणाले.

अशी भांडणं माझ्याकडे फार येतात. पेटीच्या जागी कधी पाटल्या असतात, कधी गावाकडची खोली. प्रत्येकाचं म्हणणं तेच, मला इतकं स्पष्ट आठवतंय, मग ते चुकीचं कसं असेल?

असू शकतं. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं 'चॅलेंजर' यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत आकाशातच फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अल्रिक नायसर आणि निकोल हार्श या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, बातमी कुठे कळली, कुणाकडून कळली. अडीचेक वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच विचारलं. ११ जणांचं सगळंच चुकलं, पूर्ण बरोबर निघाले फक्त ३. खात्री मात्र अनेकांची दांडगी! स्वतःच्या अक्षरातला जुना कागद दाखवला, तरी मूळ आठवण काही परत आली नाही.

ताईंना मी अण्णांच्याच भाषेत सांगितलं. बुवा तोच अभंग दर वेळी वेगळ्या हरकती घेऊन म्हणतात ना, आठवणही तशीच. सांगताना दर वेळी ती नव्याने जुळते. त्यात ऐकलेलं मिसळतं, हवंहवंसं वाटणारंही. त्यात खोटेपणा नसतो. (हे ऐकून कुणी दुसऱ्याचं दुखणं 'तुला नीट आठवत नाही' म्हणून उडवून लावू नये. असं करणारेही मी पाहिलेत.)

पुढच्या वेळी दोघांना बोलावलं. ती रात्र वेगवेगळं बसून लिहायला सांगितली आणि बोलताना 'असंच झालं' ऐवजी 'मला असं आठवतं' म्हणायची अट घातली. भावाच्या कागदावर एक ओळ होती : 'पहाटे ताईला फोन करून अण्णा काय म्हणाले ते सांगितलं.'

ताई बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिल्या. "म्हणजे मी फोनवर ऐकलं असेन?" मग एकदम म्हणाल्या, "पण त्यांच्या हाताचा स्पर्श आठवतोय हो मला."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाऊच खाली बघत म्हणाला, "धरला होता त्यांनी तुझा हात. आदल्या दिवशी, दुपारी. मी बघितलंय."