टीटी-०२ गाडीत पैसे कुठे घालावेत

टामियाच्या टीटी-०२ या रिमोटवरच्या गाडीच्या किटमधली ५४० आकाराची साधी ब्रश मोटर काढून थेट ३३०० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला सुमारे ३३०० फेरे घेणारी) ब्रशलेस मोटर बसवावी का, आणि उरलेल्या पैशांत सर्व्हो (चाके वळवणारी छोटी मोटर), बॅटरी व चार्जर कसे भागवावेत, असे आपण विचारले आहे. माझे मत असे, की मोटर सध्या आहे तीच राहू द्यावी आणि वाचलेला पैसा चार्जर व सर्व्होकडे वळवावा. त्याआधी किटमधले प्लॅस्टिकचे बुश (ज्यांत आस फिरतात त्या कड्या) काढून बॉल बेअरिंग घालावेत, कारण तेवढ्यानेच मोटरवरचा ताण उतरतो.

ईएससीसाठी (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या भागासाठी) हॉबीविंगचा क्विकरन १०६० पुरेसा आहे. तो ब्रश मोटरसाठीचा असून २ आणि ३ सेलच्या लायपोवर (लिथियम पॉलिमर बॅटरीवर) चालतो. त्यावर दोन बारीक जम्पर (पिना जोडणाऱ्या टोप्या) असतात. एक बॅटरीचा प्रकार ठरवतो, दुसरा रिव्हर्स हवा की नको ते. तांदळाच्या दाण्याएवढी ती काळी टोपी चिमट्याने उचलून लायपोच्या पिनांवर बसली आहे ना, हे गाडी चालवण्याआधी उजेडात पाहावे. जम्पर निकेल बॅटरीवर राहिला, तर ईएससी वेळेवर वीज तोडत नाही आणि सेल प्रमाणाबाहेर उतरतात. माझी पहिली लायपो अशीच फुगली आणि टाकून द्यावी लागली, म्हणून हे इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

बॅटरीवरच्या मोठ्या सी आकड्याला, म्हणजे क्षमतेच्या किती पट करंट ती देऊ शकते त्या आकड्याला, भुलू नये. ५००० एमएएचच्या बॅटरीला २५ सी म्हणजे १२५ अँपिअर होतात, आणि साधी ५४० मोटर त्याच्या जवळपासही जात नाही. चार्जर मात्र बॅलन्स करणारा, म्हणजे सगळे सेल सारखे भरणाराच हवा. तीच बॅटरी १ सी ने, म्हणजे ५ अँपिअरने भरायची, तर दोन सेलच्या भरलेल्या बॅटरीच्या ८.४ व्होल्टवर ४२ वॉट लागतात. तेव्हा खरोखर ५० वॉट देणारा चार्जर पुरे, त्याहून महाग घेण्याचे कारण नाही. गाडी आठवडाभर चालणार नसेल, तर दर सेलला सुमारे ३.८ व्होल्ट ठेवण्याची सोयही त्यात असावी.

सर्व्होत ताकदीचा २० किलोचा आकडा पाहून मोहात पडू नये. या वजनाच्या गाडीला मेटल गिअरचा ६ ते ९ किलोचा सर्व्हो उत्तम चालतो. मोठा सर्व्हो चाक अडकल्यावर इतका करंट ओढतो, की ईएससीतल्या बीईसीचा (सर्व्हो व रिसीव्हरला वीज पुरवणाऱ्या भागाचा) व्होल्टेज कोसळून रिमोटचा संदेश घेणारा रिसीव्हर क्षणभर बंद पडतो आणि गाडी भलतीकडे जाते. मग दोष रिमोटला दिला जातो.

रिमोट घेताना सुट्या रिसीव्हरची किंमत आधी विचारावी, कारण दुसरी गाडी झाली की तोच खर्च पुन्हा येतो. आणि लायपो मागवण्यापूर्वी चासीतली बॅटरीची खाच मोजावी, म्हणजे ती बॅटरी तिच्यात बसेल की नाही ते आधीच कळेल.