गॅव्हिन ब्रायर्स या इंग्लिश संगीतकाराबद्दल सांगाल का? त्यांचं काय ऐकावं?

‘जीझस ब्लड नेव्हर फेल्ड मी येट’ आधी ऐका. मलाही ब्रायर्स कळू लागले ते त्यातूनच.

१९७१ साली त्यांचा एक मित्र लंडनच्या वॉटर्लू परिसरात रस्त्यावर राहणाऱ्या माणसांवर फिल्म करत होता. दारूच्या नशेत गाणारे बरेच भेटले. एक म्हातारा मात्र पीत नव्हता. तो एक भक्तिगीत गायला: येशूच्या रक्तानं मला कधी अंतर दिलं नाही. फिल्ममध्ये तो तुकडा लागला नाही, म्हणून टेप ब्रायर्सकडे आली. घरी वाजवून पाहिली, तर म्हाताऱ्याचा सूर त्यांच्या पियानोशी बरोबर जुळत होता!

तेव्हा ते लेस्टरला शिकवत. तिथे तो तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहील अशी टेप तयार करायला लावून ते कॉफी आणायला गेले. दार उघडंच राहिलं. शेजारी चित्रकलेचा मोठा स्टुडिओ होता. परत येऊन पाहतात तर एरवी गजबजलेली ती जागा शांत झालेली, माणसं हळू चालताहेत, आणि काही जण एकेकटे बसून रडताहेत.

त्यांनी त्या आवाजाला हात लावला नाही. तबल्याच्या साथीचा लेहरा कसा फिरून फिरून तोच येतो, तसा म्हातारा गात राहतो आणि त्याच्याखाली आधी तंतुवाद्यं, मग इतर वाद्यं अलगद येत जातात. त्याचा थकवा, त्याची श्रद्धा, काहीच झाकलं जात नाही. हा आदर मला फार मोलाचा वाटतो.

ब्रायर्स यांचा जन्म १९४३चा, यॉर्कशरमधल्या गूल गावचा. शिक्षण तत्त्वज्ञानाचं. आधी ते जॅझमध्ये डबल बेस वाजवायचे, नंतर ते सोडून रचनेकडे वळले. ‘द सिंकिंग ऑफ द टायटॅनिक’ही जरूर ऐका: जहाज बुडताना वादक वाजवत राहिले, मग ते सूर पाण्याखालीही चालू राहिले असते तर कसे ऐकू आले असते, या एका कल्पनेवर ती अख्खी रचना उभी आहे.

‘जीझस ब्लड’चं १९७५चं ध्वनिमुद्रण सुमारे २५ मिनिटांचं आहे, आधी ते घ्या. १९९३च्या ७४ मिनिटांच्या आवृत्तीत शेवटी अमेरिकी गायक टॉम वेट्स गातात. २०१९ साली लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात ही रचना रात्रभर, १२ तास वाजवली गेली. सादर करणाऱ्यांत बेघरपण भोगलेली माणसंही होती. ज्याचा तो आवाज, त्याला मात्र यातलं काहीच ऐकायला मिळालं नाही. रचना त्याच्या कानी पडण्याआधीच तो गेला.