वाचक विचारतात : काट्यावरचं रीडिंग थांबतच नाही!

प्रश्न : मी अमळनेरला एमएस्सीला आहे. ओव्हनमधून क्रुसिबल (पदार्थ तापवायची छोटी वाटी) काढून डिजिटल काट्यावर ठेवली की रीडिंग वाढतच राहतं, शेवटचे आकडे थांबत नाहीत. सर म्हणतात काटा बिघडला. खरंच का?

उत्तर : काट्याला दोष देऊ नका भाऊ, क्रुसिबल गरम आहे म्हणून हे होतंय. गरम भांड्याभोवतीची हवा तापून वर चढते, आणि ती जाता जाता पॅनलाही जरासं वर उचलते, त्यामुळे वस्तू आहे त्यापेक्षा हलकी दिसते, मग जसजशी गार होते तसतसं रीडिंग वर सरकतं. तुमचा काटा 0.1 मिलिग्रॅमपर्यंत दाखवत असेल तर हे दिसणारच. क्रुसिबल चिमट्याने उचलून डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा, पूर्ण गार होऊ द्या, मगच वजन करा. परत तापवा, परत गार करा, परत वजन. लागोपाठची दोन वजनं जुळली की झालं.

गार झाल्यावरही आकडा चढतोय? मग माल ओल धरतोय. कॉस्टिक सोडा किंवा कॅल्शियम क्लोराइड असेल तर ते हवेतलं पाणी ओढत राहणार, झाकणाच्या बाटलीतच वजन करायचं. आणि एक आपल्याकडचं खास : मे महिन्यात 45 डिग्रीला कोण कूलर बंद करणार, पण बॅलन्स रूममध्ये तो नकोच, वारा पण देतो आणि दमट पण करतो. पंखाही बंद, काचेची दारं लावलेली, काटा सपाट आहे हे दाखवणारा बबल मधोमध, आणि काटा अर्धा तास आधीच चालू करून ठेवलेला.

प्रश्न : दिल्लीत कॅलिब्रेट झालेला (प्रमाणित वजनाशी जुळवून घेतलेला) काटा जळगावला जसाच्या तसा चालेल का? आमचं सराफी दुकान आहे.

उत्तर : नाही चालणार. डिजिटल काटा मोजतो तो पॅनवरचा दाब, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा जोर, आणि तो दिल्लीपेक्षा आपल्याकडे किंचित कमी कारण आपण विषुववृत्ताच्या जवळ. 100 ग्रॅम सोन्यामागे साधारण 50 मिलिग्रॅम कमी दिसेल, सोन्याचे आजचे भाव बघता ही काय सोडून द्यायची गोष्ट नाही. काटा दुकानात जिथे बसवणार तिथेच प्रमाणित वजन ठेवून कॅलिब्रेट करून घ्या. जुन्या दोन पारड्यांच्या तराजूला ही भानगड नव्हती, दोन्ही पारड्यांवर जोर सारखाच कमी-जास्त होतो ना.